गौरीची गोळी

गणपती जवळ आले की आमच्या गावातले पुरुष माझ्या मेडिकलमध्ये येऊन पावसापाण्यावर बोलायला लागतात. एरवी भर दर्यात वादळ उठलं तरी ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, असा बोटीवरचा गडी काउंटरशी उभा राहून कान खाजवतो. एक बाम घेतो. खोकल्याच्या चार गोळ्या घेतो. "आणखी काय?" म्हटलं की "न्हाय, बस तेवढंच," म्हणत पायरीपर्यंत जातो आणि परत येतो. मग काउंटरवर ओणवा होऊन, घशातल्या घशात, "ती... घरात पायजे होती... पुढं ढकलायची." ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा मला अजिबात खपत नाही. मी मुद्दाम दुकानभर ऐकू जाईल असं विचारते, "पाळी पुढे ढकलायची गोळी का?" दुकानातले बाकीचे पुरुष लगेच छताच्या पंख्याकडे बघायला लागतात. वर्षातून एकदा मिळणारी करमणूक आहे ही माझी. मी ती सोडत नाही.

त्या गोळीला कंपनीने ठेवलेलं नाव आहे, आतल्या औषधाचं वेगळं नाव आहे, पण दिघीच्या खाडीलगतच्या आमच्या कोळीवाड्यात तिला 'गौरीची गोळी'च म्हणतात. गणपतीपाठोपाठ गौरी येतात, आणि गौरीसमोर विटाळशी बाई चालत नाही. आता गौर स्वतः बाई. माहेरपणाला आलेली, आमच्याकडे तर चिंबोऱ्यांचा तिखट नैवेद्य चापणारी. बाईच्या अंगावरचं तिला चालत नाही, हे तिला कोणी कधी विचारलं होतं देव जाणे. पण चालत नाही म्हणजे नाही. म्हणून गोळी. कायद्याने ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि मी विकतही नाही. त्यामुळे लग्न होऊन या गावात आले तेव्हा मी नुसती 'मास्तरांची बायको' होते, आता 'खडूस मेडिकलवाली' आहे. बढतीच म्हणायची.

ही गोष्ट ज्या सालची, त्या साली गौरी पूर्वात आल्या होत्या. याचा अर्थ घाटावरच्या लोकांना कळायचा नाही, म्हणून सांगते. नव्या सुनेने सासरी पहिला ओवसा करायचा असतो. सुपांत फळं, पानं, खण, नारळ भरून ती सुपं गौरीपुढे ओवाळायची, मग घरच्या थोरामोठ्यांना द्यायची आणि आशीर्वाद घ्यायचा. पण हा पहिला ओवसा वाटेल त्या वर्षी होत नाही. पाऊस पूर्वा नक्षत्राचा चालू असेल आणि त्यात गौरी आल्या, तरच होतो. नाही आल्या, तर सुनेने बसायचं वाट बघत. तोवर ती सून खरी, पण कच्ची. कुणाच्या ओवशाला गेली की चार बायका हळूच विचारणार, "तुझा झाला का ग?" विचारणाऱ्यांना उत्तर ठाऊक असतंच, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

काही वर्षं थांबून पूर्वा आली, म्हणजे थांबलेल्या साऱ्या सुनांचा ओवसा एकाच दिवशी. आणि साऱ्यांच्या अंगाचं वेळापत्रक काही पंचांग बघून चालत नाही. त्या आठवड्यात गौरीच्या गोळीला असा उठाव होता, की औषध कंपनीच्या माणसाने मला फोन करून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे काही साथ आलीय का?"

आणि नेमकी त्याच पावसाळ्यात सरकारला माझी आठवण झाली.

इतकी वर्षं सरकार माझ्याकडे दोनच गोष्टी विचारत आलं होतं. फ्रिज गार आहे का, आणि भिंतीवर माझं नोंदणीचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे का. फ्रिज गार होता आणि मी टांगलेली होते, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. एकाएकी पत्रक आलं, की फार्मासिस्टची भूमिका विस्तारली आहे, तरी सर्वांनी प्रशिक्षणाला पालीला यावं. म्हटलं, चला, विस्तारून येऊ.

पालीच्या त्या हॉलमध्ये एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. "तुम्ही आता नुसते विक्रेते नाही," साहेब म्हणाले, "तुम्ही आरोग्यव्यवस्थेचा पहिला दरवाजा आहात." आम्ही दरवाजे टाळ्या वाजवत बसलो. मग मी हात वर केला. मी हात वर केला की घरी मास्तरसुद्धा डोळे मिटून घेतात, पण साहेबांना माहीत नव्हतं.

"एखादं औषध एखाद्या माणसाला घातक आहे असं मला दिसलं," मी विचारलं, "तर मी ते थांबवू शकते का?"

"तुम्ही समुपदेशन करू शकता."

"आणि तरी नाही ऐकलं तर?"

"तर पुन्हा समुपदेशन करा. पण निदान करायचं नाही, डोस बदलायचा नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीत हात घालायचा नाही."

"मग विस्तारलं काय?"

"जबाबदारी," साहेब म्हणाले. आणि त्यांना खरंच त्याचा अभिमान वाटत होता, हे सांगायला हवं. दुपारी जेवणानंतर हॉल निम्मा रिकामा झाला. सगळे दरवाजे बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेले होते. मीही गेले. आलोच आहोत पालीला, तर पदरात काहीतरी पडावं.

परत आल्यावर दोन गोष्टी करायच्या होत्या. पांढरा कोट घालायचा आणि दुकानात 'समुपदेशन कोपरा' उभा करायचा. दोन खुर्च्या, वर पाटी. माझं दुकान एवढंसं, की मी वळले तर कफ सिरपच्या बाटल्या पडतात. त्यात कोपरा काढायचा म्हणजे लुगड्याला खिसा लावण्यातला प्रकार. शेवटी सलाईनच्या खोक्यांमागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या कोंबल्या आणि वर पाटी लावली: 'औषधांविषयी मनमोकळेपणाने विचारा'. बाहेरच्या बाजूला सुक्या बोंबलांचं दुकान आहे. वाऱ्याची दिशा बदलली की मनमोकळेपणाने श्वाससुद्धा घेता येत नाही. कोटाला तर तो वास असा बसला, की धुतला तरी गेला नाही.

आता जिच्यासाठी हे सगळं सांगतेय ती. दुकानामागच्या आळीत एक बोटवाल्यांचं घर आहे, त्यांची सून. माहेर आतल्या डोंगरातल्या तळा गावचं. तळ्याची पोर दर्यावर येऊन पडली आणि मासळीच्या वासाला नाक न मुरडता रुळली, एवढ्यावरच मला ती आवडायची. गोरीशी, बारीक चणीची, बोलणं कमी. लग्नाला चार वर्षं झाली, तेव्हापासून पूर्वा यायची वाट बघत होती. मधे एक मूल झालं. बाळंतपण पनवेलला, पोट फाडून. आणि बाळंतपणानंतर तिचा डावा पाय पोटरीपासून सुजून खांबासारखा झाला. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ धरली होती. तशी गाठ सुटून फुप्फुसात गेली की माणूस बोलता बोलता जातो. सुदैवाने वेळेवर कळलं. पुढे कितीतरी महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या ती माझ्याकडूनच नेत होती. कडेवर मूल, पाय ओढत यायची, आणि पायाबद्दल एक अक्षर बोलायची नाही.

अशा बाईला गौरीची गोळी म्हणजे विष. त्या गोळीने रक्त गोठायची ओढ वाढते. धडधाकट बाईचं एक वेळ निभावतं, पण एकदा गाठ धरलेल्या पायाला ती गोळी द्यायची म्हणजे बारूदाजवळ चूल मांडायची. हे माझ्या पहिल्या दरवाजाच्या प्रशिक्षणाआधीपासून मला ठाऊक होतं.

तिची सासू आली. मी तिला मावशी म्हणते. मासळीबाजारात तिचा आवाज निघाला की दलाल आपोआप भाव उतरवतो, अशी बाई. पुरुषांसारखं ओणवं होणं तिच्या रक्तात नाही. पायरीवरूनच ओरडली, "ए बाय, सुनेसाठी गौरीची गोळी दे. तारीख बरोबर गौरीवर येतेय तिची, मेली."

"तिला नाही द्यायची, मावशी. तिच्या पायात गाठ झाली होती."

"झाली व्हती. आता न्हाय. धावते नुसती."

"आतून ती जागा तशीच राहते. परत गाठ धरली आणि छातीत गेली तर पोर हातची जाईल."

"ही गोळी पायाची हाय काय? पोटाची हाय ना!" मावशी म्हणाली, आणि बाहेरच्या बोंबीलवाल्याकडे बघून हसली, जणू कोण शिकलेलं आहे ते त्यानेच ठरवावं. मग जवळ आली. आवाज पहिल्यांदाच खाली. "चार वरसं पोर लोकांच्या ओवशाला जाते आणि मान खाली घालून येते. मी बघते ना. तिच्या बापानं तळ्यावरनं सुपं पाठवलीत, नवी कोरी. माळ्यावर टांगलीत. मी काय तिची दुश्मन हाय?"

दुश्मन नव्हती, हेच तर झेंगट होतं. दुश्मन असती तर मी भांडून घेतलं असतं.

"चिठ्ठी नाही, गोळी नाही," मी शेवटी कायद्याचा पदर धरला. "आणि तिच्या नावाची चिठ्ठी कोणी देणारही नाही."

मावशीने दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली फेरीबोट पकडली, दिघीहून आगरदांड्याला गेली, तिकडच्या एका डॉक्टरला गाठलं आणि दुपारपर्यंत सुनेच्या नावाची चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. सून घरीच होती. मी डॉक्टरला फोन लावला. मागून पेशंटांचा कलकलाट ऐकू येत होता.

"तुम्ही हिच्या सुनेला तपासलंत का?"

"सासूबाई आल्या होत्या ना," डॉक्टर म्हणाले. "बीपी बघितलं. छान आहे."

"कोणाचं? सासूचं?"

"आल्या त्याच होत्या."

"पायाला सूज वगैरे विचारलंत?"

"सासूबाईंचे पाय उत्तम आहेत, मॅडम. गर्दी आहे, ठेवतो."

आता माझी पंचाईत बघा. काल चिठ्ठी नव्हती तेव्हा गोळी देणं गुन्हा होता. आज चिठ्ठी होती, तर न देणं आगाऊपणा. मधल्या काळात तिच्या पायात काहीही बदललं नव्हतं. आणि घोडं पेंड खातंय ते इथेच म्हणेपर्यंत दारात जीप थांबली आणि औषध निरीक्षक उतरले. कोपरा तपासायला.

निरीक्षक तसा सज्जन माणूस. फ्रिज उघडून बघितला, प्रमाणपत्राला मान लववली, कोटाचं वरचं बटण लावायला सांगितलं. मी त्यांना तिथल्या तिथे विचारलं. "साहेब, चिठ्ठी आहे, पण ही गोळी त्या पोरीला घातक आहे. मी काय करू?"

"चिठ्ठी आहे ना?"

"आहे."

"मग समुपदेशन करा आणि द्या."

"आणि तिला काही झालं तर?"

"तर समुपदेशन केल्याचा पुरावा हवा," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "बरं झालं, पेशंट आहेच. दोघी खुर्चीवर बसा. कोपऱ्याचा फोटो वर पाठवायचाय."

पेशंट नाही, पेशंटची सासू आहे, हे मी सांगून पाहिलं. त्यांचं लक्ष उजेडाकडे होतं. तर मी आणि मावशी सलाईनच्या खोक्यांमागे गुडघ्याला गुडघे लावून बसलो. मी तिला सांगत होते, "मावशी, ऐक, पोर मरेल. खरंच मरेल. तुझ्या नातवाला आई राहणार नाही." आणि साहेब म्हणत होते, "थोडं हसा."

मावशीला फोटोची सवय नाही. कोणी हसा म्हटलं की ती हसते. हसली. बत्तीस दात.

फोटो झाल्यावर मी उठले आणि निरीक्षकांच्या देखत गोळी द्यायला नकार दिला. म्हटलं, काय लिहायचं ते लिहा. त्यांनी काही लिहिलं नाही. त्यांना जिथे टिक करायची होती ती झाली होती. मावशीने चिठ्ठीची घडी कनवटीला लावली आणि ती बाजारपेठेतल्या दुसऱ्या मेडिकलकडे चालू लागली.

त्या मेडिकलचा फार्मासिस्ट भिंतीवर राहतो. काचेच्या चौकटीत, पासपोर्ट फोटोसकट. चालता-बोलता त्याला गावात कोणी पाहिलेलं नाही. निरीक्षक येतात, चौकटीकडे बघतात, चौकट त्यांच्याकडे बघते, तपासणी होते. खाली काउंटरवर मालकाचा मेहुणा बसतो, त्याचं शिक्षण मोबाइल रिपेरिंगचं. भिंतीवरचा माणूस कोणाला उलट प्रश्न विचारत नाही, नाही म्हणत नाही, त्याच्या कोटाचं बटण कायम लावलेलं असतं. सरकारला हवा तसा फार्मासिस्ट. गोळ्यांचं पाकीट मावशीला तिथे लगेच मिळालं.

माझा असा संताप झाला, की जेवण गेलं नाही. मास्तर म्हणाले, "तू सांगायचं काम केलंस. आता सोड." सोड म्हणे! पोर डोळ्यांपुढे पाय ओढत होती. तिला गाठून सांगावं असंही मनात आलं होतं. पण म्हटलं, ती गरीब गाय. सासूपुढे ब्र काढायची नाही, तिला सांगून काय फायदा? घाव मुळावरच घालायला हवा. आणि रक्त, गाठ, फुप्फुस हे शब्द मावशीच्या डोक्यावरून जातात, हे मी बघितलं होतं. तिला कळेल अशा भाषेत बोलायचं ठरवलं.

सकाळी पांढरा कोट चढवला, बटणं गळ्यापर्यंत लावली, दुकान बंद ठेवलं आणि छत्री घेऊन मासळीबाजारात गेले. कोट घातला की माणूस सरकारी दिसतो आणि सरकारी माणूस बाजारात आला की बायका आधी वजनकाटा झाकतात. मावशी सुरमई कापत होती. आजूबाजूला आळीतल्या बायका. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि चार जणींना ऐकू जाईल असं विचारलं, "सुनेला गोळी सुरू केलीस?"

"केली."

"गोळी खाल्ली म्हणजे विटाळ गेला, असं वाटतं का तुला? गेला नाही, मावशी. आत कोंडून ठेवलाय. आणि तो कोंडलेला विटाळ पोटात घेऊन सून गौरीपुढे उभी करणार? तेही पूर्वात?"

सुरमईवरचा कोयता थांबला. बाजूच्या म्हातारीने विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं ग बाय?"

"पालीला जाऊन आले मी," मी म्हटलं. "उगाच बोलत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पालीला मी गेले होतेच. म्हातारीने ताबडतोब हात जोडले, माझ्याकडे की बल्लाळेश्वराच्या दिशेने, ते कळलं नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुपारपर्यंत गोष्ट अख्ख्या कोळीवाड्यात फिरली. संध्याकाळी माझ्या दुकानासमोर ही गर्दी! प्रत्येकीच्या हातात अर्धवट फोडलेलं पाकीट. कोणी भिंतीवरच्या माणसाकडून आणलेलं, कोणी चिठ्ठी दाखवून माझ्याकडून नेलेलं. "परत घे," म्हणे. फोडलेलं औषध परत घेता येत नाही, हा कायदा मी सांगत होते आणि त्या मला विटाळाचा कायदा सांगत होत्या, जो आदल्या दिवसापर्यंत अस्तित्वात नव्हता आणि ज्याची मी एकटी जनक होते. एकीची आजेसासू तर विचारायला आली, की डोकेदुखीची गोळी चालेल का गौरीला. मी म्हटलं, चालेल. तिने मान डोलावली आणि ती निवांत झाली. सरकारने दिला नाही तो अधिकार कोळीवाड्याने मला एका दिवसात देऊन टाकला होता.

मावशीने त्याच दिवशी सुनेची गोळी बंद केली. मला एवढंच हवं होतं. पोर वाचली. गौरीच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. वाजतगाजत गौरी आल्या, दुसऱ्या दिवशी सुपं निघाली. नऊवारी नेसून, नाकात नथी घालून सुना चालल्या होत्या. गोळी खाल्लेल्या तेवढ्या नव्हत्या. ज्यांचं अंगच पंचांगाप्रमाणे चाललं, त्यांचा ओवसा झाला. मावशीची सून मागच्या पडवीत मुलाला घेऊन बसली होती, असं कोणीतरी सांगितलं. माळ्यावरची सुपं माळ्यावरच राहिली. मला वाईट वाटलं. वाटणारच. पण मनात म्हटलं, सुपं टिकतात, माणूस टिकायला हवं.

त्या आठवड्यातच निरीक्षकांनी फार्मासिस्टांच्या मोबाइल ग्रुपवर आमचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'रुग्ण समुपदेशन: आदर्श नमुना'. फोटोत मावशी तोंडभर हसतेय आणि माझं तोंड उघडं आहे. 'मरेल' म्हणतानाचं. साऱ्या जिल्ह्याने अंगठे दाखवले. भिंतीवरच्या माणसाच्या नंबरवरूनही एक आला.

अनंत चतुर्दशी होऊन गेली. एका दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, ती सून आली. कडेवर मूल, त्याला खोकला झालेला. मी सिरप काढायला वळले तर ती खोक्यांमागे जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. फोटो सोडला तर त्या खुर्चीवर बसलेली ती पहिलीच. मी कोट सरळ केला आणि समोर बसले. मनात आलं, आली, आभार मानायला आली.

"काकी," ती म्हणाली, "मी ती गोळी घेतलीच न्हवती."

मला आधी कळलंच नाही.

"आईनं पाकीट आणून दिलं ना, त्यातली एकेक गोळी फोडून मोरीत टाकत व्हते. पाय माझा हाय. मला ठावं नसणार काय? पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडतानाच सांगितलं व्हतं, असल्या गोळ्या आता जन्मात न्हाय घ्यायच्या."

"अगं, मग पाळी आली असती ना गौरीवर!"

"आली. बरोबर आली, तारखेला." ती मुलाची पाठ थोपटत होती. "येऊ दे की. कोणाला कळणार व्हतं? समद्यांना वाटलं असतं, हिनं गोळी खाल्लेय. मी सुपं घेऊन गेले असते, ओवाळून आले असते. आई पण खूश, बापाची सुपं पण कारणी लागली असती, पाय पण शाबूत. आणि गौरीचं म्हणाल तर..." ती जराशी हसली. "ती बाईच हाय. तिला काय कळत न्हाय?"

कायदा, डॉक्टर, निरीक्षक, सासू आणि मी, आम्ही सगळे मिळून जो गुंता करून बसलो होतो तो या पोरीने मोरीत सोडवून ठेवला होता, कोणाला न दुखावता. सगळ्यांनी गोळीवर विश्वास ठेवणं, एवढीच तिला गरज होती. आणि तेवढंच मी भर बाजारात मोडून आले होते.

"तुम्ही बोललात आणि गोळीवाल्या समद्या बाहेर," ती म्हणाली. "आईला काय सांगणार? गोळी न्हाय खाल्ली सांगितलं तर पाळी आलीय ते कळणार. खाल्ली सांगितलं तर तुमचा कोंडलेला विटाळ."

"मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर!"

"तुम्ही आईला सांगितलंत, डॉक्टरला सांगितलंत, साहेबाला सांगितलंत, अख्ख्या बाजाराला सांगितलंत. मागच्या आळीत माझं घर हाय, काकी. मला कधी इचारलंत?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. आमच्या डोक्यावर ती पाटी होती, 'मनमोकळेपणाने विचारा'. मी ती माझ्या हाताने ठोकली होती. कोणी कोणाला विचारायचं, ते तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

"बाजारात मी जे बोलले ते खोटं होतं," मी म्हटलं. "कोंडलेला विटाळ वगैरे काही नसतं. मी मावशीला आत्ता येऊन सांगते. पुढच्या पूर्वाला तू..."

"नको," ती पटकन म्हणाली. "तुम्ही आता काय सांगू नका."

मूल खोकलं. तिने त्याला खांद्यावर घेतलं, उठली आणि काउंटरवरची सिरपची बाटली हातात घेतली.

"हे दिवसातनं किती येळा पाजायचं, तेवढंच सांगा."

मी तेवढंच सांगितलं.